पोळा मी एक दिवस पुढे ढकलला

शाळेच्या पोळ्याचा दिवस मी चुकीचा छापला. छापला म्हणजे मोबाइलवर टाकला. पण आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आता त्यालाच छापणं म्हणतात. ऐकताना घोटाळा झाला नव्हता, लिहिताना बोट घसरलं नव्हतं. बाईंनी दिवस बरोबर सांगितला होता. तो मी चष्मा पुसून, पूर्ण विचार करून चुकवला. मला वाटलं बाईच चुकल्यात, म्हणून मी त्यांना दुरुस्त केलं.

माझी ही खोड कचेरीतली. जन्मभर मी एका सरकारी खात्यात दुसऱ्यांच्या टिप्पण्यांवर लाल शाई फिरवली. निवृत्त झालो, शाई गेली, हाताची खाज राहिली. आमच्याकडे जवळपासच्या सरकारी शाळांचं मिळून एक संकुल असतं आणि त्या संकुलाचा मोबाइलवर ग्रुप असतो. त्यात गुरुजी, मॅडम, मुलांच्या आया, मोहल्ल्यातले रिकामे म्हातारे आणि सगळ्यांच्या डोक्यावर ब्लॉकच्या, म्हणजे तालुक्याच्या, शिक्षण ऑफिसातले साहेब. दर शनिवारी सकाळी त्यावर ‘संकुल समाचार एवं आगामी कार्यक्रम’ यायचे. पूर्वी कोणी तरी ते दोन ओळींत उरकायचं. मी रिकाम्या म्हाताऱ्यांच्या कोट्यातून आत शिरलो आणि बघता बघता ते खातं बळकावलं.

माझ्या हाती आल्यावर बातम्यांना वजन आलं. कुठल्या शाळेचा हातपंप सुरू झाला तर मी त्यात गंगावतरण घालायचो. खो-खोत पोरी जिंकल्या तर रणांगण, धूळ, विजयपताका. एका गुरुजींची साधी बदली झाली होती, पलीकडच्या मोहल्ल्यात. ती बातमी मी इतक्या जड शब्दांत लिहिली की संध्याकाळी लोक पांढरे कपडे घालून त्यांच्या घरी बसायला गेले. दार गुरुजींनीच उघडलं. तरी माझं खातं कोणी काढून घेतलं नाही, कारण दुसरं कोणी ते फुकट करायला तयार नव्हतं.

आता बाई. बाई म्हणजे आमच्या गल्लीमागच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. पोरं त्यांना ‘बडी मॅडम’ म्हणतात. महानदीकाठच्या खेड्यातल्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, मला ‘कका’ म्हणायच्या. छत्तीसगढीत काकाचा तेवढा आकार उडतो, माया तेवढीच राहते. शाळा लहानशी: दोन खोल्या, एक ओसरी, अंगणात सीताफळाचं झाड. पोरंही थोडीच. पण बाईंचा कारभार बघण्यासारखा. कोणी पोर आलं नाही की पहिली घंटा व्हायच्या आत बाई त्याच्या दारात उभ्या. ताप असेल तर हात लावून बघणार, आळस असेल तर तसाच, न विंचरलेल्या डोक्यानं उचलून आणणार. पालकांची बैठक असली की त्यांच्या शाळेत आया खुर्चीवर बसायच्या आणि शिक्षक उभे राहायचे. मी एकदा विचारलं, ‘बाई, हा काय उलटा न्याय?’ त्या म्हणाल्या, ‘कका, ये लोग दिन भर दूसरों के घर में खड़े रहते हैं। यहाँ तो बैठें।’ यावर दुरुस्तीला जागा नव्हती. मी शोधली होती.

तर त्या वर्षी वरून अशी हवा निघाली की कमी पोरांच्या शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या. आमची ही शाळा मिसळली असती ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत. तो रस्ता ओलांडताना मी स्वतः आधी देवाचं नाव घेतो, मग डावीकडे बघतो. पहिली-दुसरीतल्या पोरी तो कशा ओलांडणार? आया सकाळी भांडी-पोछ्याला निघतात, बाप त्याहून आधी भनपुरीकडे, गोदामांत नाही तर ट्रकांवर. पोचवायला कोणी नाही. म्हणजे शाळा मिसळणार नव्हती, निम्म्या पोरींची सुटणार होती.

साहेबांना आपलं मत वर पाठवायचं होतं, सणांच्या सुट्या लागायच्या आत. बाईंनी त्यांना एवढंच म्हटलं की सर, मत लिहिण्याआधी एकदा येऊन आयांना भेटा. साहेब म्हणाले, एखादा कार्यक्रम ठेवा, ग्रुपवर टाका, येतो. बाईंनी पोळा धरला, त्यांच्या बोलीतला ‘पोरा’. पोरं सकाळी मातीचे बैल घेऊन शाळेत येणार, आया ठेठरी-खुरमीचा फराळ आणणार, तासाभराचं काम. त्यांना नवा रायपुरात प्रशिक्षणाला जायचं होतं, म्हणून मला फोनवर सांगितलं, ‘कका, पोरा के दिन सुबह। बच्चों के बैल। अच्छे से लिख देना।’

आणि इथं माझ्यातला लाल शाईवाला जागा झाला.

आमच्या घरी मोठ्यांचा पोळा एक दिवस आणि पोरांचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. ही नागपूरकडची रीत. किती पिढ्या आम्ही रायपुरात आहोत, देवाशीसुद्धा अर्धं हिंदीत बोलतो, पण लाकडी बैल माळ्यावरून उतरतात ते दुसऱ्याच दिवशी. छत्तीसगढात तसं नाही. इथं पोरा एकच. खरे बैल आणि पोरांचे बैल एकाच दिवशी. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ‘बच्चों के बैल’ म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात आमचंच घर उभं राहिलं. मी मनाशी म्हटलं, बाई प्रशिक्षणाच्या घाईत आहेत, चुकल्या. पोरांचे बैल पोळ्याच्या दिवशी कुठं असतात? आणि मी लिहून टाकलं: पोऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाल-वृषभांचा भव्य सोहळा, समस्त मातृशक्तीची उपस्थिती प्रार्थनीय.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. हात जोडलेलं चित्र आणि खाली: ‘अवश्य आऊँगा। दौरा उसी दिन का तय कर लिया है।’ मी ते बायकोला वाचून दाखवलं. कौतुक करण्यासाठीच तिला स्वयंपाकघरातून बोलावलं होतं.

चूक उघडी पडली ती कोपऱ्यावर पसरा लावून भाजी विकणाऱ्या बाईपाशी. तिची नात नव्हे, धाकटी मुलगीच त्या शाळेत दुसरीला आहे. मी कारली निवडत होतो. ती म्हणाली, ‘कका, तैं का लिख दे हस? ओ दिन त हमन मइके जाबो।’

माझ्या हातातलं कारलं टोपलीत परत पडलं. पोरा झाला की तीजा. इथल्या बायका तीजेचा उपास सासरी करत नाहीत, माहेरी जाऊन करतात. भाऊ न्यायला येतो. उपासाच्या आदल्या संध्याकाळी माहेरी बसून कारल्याची भाजी आणि भात खायचा, ‘करू भात’, मग दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा नाही. पोऱ्याच्या दुसऱ्या सकाळपासून सगळ्या रायपुरातून बायका निघतात; बसला जागा नसते, मोटरसायकलवर बहीण, भाचा, पिशवी आणि भाऊ एवढं सगळं मावतं. माझ्या घरी त्याच दिवशी हरतालिका असते. बायको इथंच, आमच्याच अंगणात वाळूची पिंड करते. त्यामुळे ही आख्ख्या शहरातली निघानिघी मी जन्मभर खिडकीतून पाहिली होती, माझ्या डोक्यात मात्र ती कधी शिरली नव्हती. आयांना भेटायला साहेबांना मी नेमका तो दिवस दिला होता, ज्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्यात एकही आई सापडली नसती.

घरी येऊन सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला नाही, ते तिनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी सोडून दिलं. ती म्हणाली, ‘तुमाले सुधरवाले कोनं सांगतलं होतं? बाईनं सांगतलं ते लिहाचं अन् गप बसाचं. आपल्या घरचा पोळा साऱ्या रायपूरवर काहून लादून राहिले तुमी?’

मी म्हटलं, ‘साहेबांना दिवस बदलायला सांगतो.’

‘सांगा,’ ती म्हणाली, ‘तेवढं तरी सुधरवा.’

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, दौरा लागला आहे, गाडी लागली आहे, त्यानंतर सुट्या, आणि सुट्यांच्या आधी मत गेलं पाहिजे. ‘कोई बात नहीं,’ ते म्हणाले, ‘जो आएँगे, देख लेंगे।’ सहा-सात वर्षांच्या पोरी त्या रस्त्याच्या काठावर दप्तर घेऊन उभ्या आहेत आणि सिग्नलला कोणी थांबत नाही, असं चित्र दोन दिवस डोळ्यांपुढून हलेना.

बाई नवा रायपूरहून आल्या. तिकडे बसची वाट बघताना प्रशिक्षणात शिकलेलं निम्मं विसरायला होतं म्हणतात. त्या दमलेल्या होत्या. मी ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. तान्हा पोळा, नागपूर, पूर्वज, सगळं. पूर्वजांना त्यात ओढायची गरज नव्हती, पण एकट्यानं उभं राहवत नव्हतं. मला वाटलं, ओरडतील. बाई सीताफळाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, ‘कका, आपने कभी किसी को तीजा में रोक के देखा है?’

‘नहीं.’

‘रुकती नहीं हैं। मैं खुद नहीं रुकूँगी, मेरा भाई आ रहा है।’

एक पोरगी पाणी प्यायला आली, तिची वेणी सुटली होती; बाईंनी बोलता बोलता ती घट्ट बांधून दिली. वेणी बांधून झाली आणि त्या एकदम माझ्याकडे वळल्या. ‘रोकना ही क्यों है? भाई लोग लेने तो आएँगे ही। घर क्यों आएँ? स्कूल आएँ।’

मला कळायला वेळ लागला. बाई समजावू लागल्या: आयांनी सकाळी पिशव्या भरूनच शाळेत यायचं. भावांनी घरी न जाता थेट शाळेच्या फाटकाशी यायचं. पोरं बैल ओढतील, साहेब बघतील, बोलतील, आणि तिथूनच सगळ्या माहेरी रवाना. कोणाचा करू भात चुकणार नाही. जी चूक मला भिंतीसारखी दिसत होती तिच्यात बाईंनी वेणी बांधता बांधता दार काढलं होतं. मी हे ग्रुपवर लगेच लिहू का म्हणून मोबाइल काढला. बाईंनी हात वर केला. ‘आप लिखेंगे नहीं। आप फ़ोन करेंगे। एक-एक मामा को।’

शिक्षा न्याय्य होती. आयांकडून नंबर घेतले आणि मी आमच्या ओट्यावर बसून महासमुंदपासून बेमेतऱ्यापर्यंतच्या मामांना फोन लावू लागलो. माझी छत्तीसगढी म्हणजे मराठीला लुगडं नेसवल्यासारखी. पहिल्यालाच म्हटलं, ‘मी रायपुरातून बोलतोय, तुमच्या बहिणीबद्दल बोलायचं होतं.’ पलीकडे कोणी तरी किंचाळलं, भांडं पडलं. तो माणूस शेतातून तसाच निघायच्या बेतात होता. पुढच्याला म्हणून सुरुवात वेगळी केली: ‘सगळं ठीक आहे, घाबरू नका, फक्त माहिती हवी.’ तो म्हणाला, ‘ओटीपी नइ बतावंव कका, मोला बने मालूम हे,’ आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर त्यानं माझा नंबर बंद करून टाकला होता. शेवटी बायको बाहेर आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, ‘भैया, नमस्ते, भांजी के स्कूल से बोल रही हूँ, बैलदौड़ है, मामा को बुलाया है।’ पलीकडून लगेच हसण्याचा आवाज. एवढंच म्हणायचं होतं. बाकीचे फोन तिच्या मजकुरावर झाले. मी फक्त नंबर दाबले.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभा. माझ्यानंतर आले ते साहेब. ठरलेल्या वेळेच्या आधी, एकटे. अंगण रिकामं. सीताफळाखाली सतरंजी अंथरलेली आणि सतरंजीवर एक कुत्रं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘मातृशक्ति?’ ते म्हणाले. शब्द माझाच होता. मी म्हटलं, ‘निकल रही है सर।’

आणि खरंच निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी पहिली मोटरसायकल दिसली. मग दुसरी, मग एक मालाची छोटी गाडी, एकाच गावच्या बहिणींसाठी एका भावानं मागून आणलेली. त्यांच्यामागून आया: नव्या साड्या, हातात पिशव्या, डोक्यावर डबे, बोटाला पोरी, पोरींच्या हातात दोरी आणि दोरीला चाकांवरचे मातीचे बैल. अंगण भरलं. मालाच्या गाडीत काही बायका लगेच चढायलाच लागल्या, त्यांना बाईंनी ‘अभी नहीं, अभी नहीं’ करत खाली घेतलं. खुर्च्या नेहमीप्रमाणे आयांना. साहेबांना खुर्ची नव्हती. कोणी तरी खुर्ची आणायला धावणार होतं, पण साहेब आपणच सतरंजीवर, मामांच्या ओळीत बसले. कुत्र्यानं थोडं सरकून घेतलं.

बैलांची शर्यत सुरू झाली ती पोरांची, पण पहिल्याच फेरीत एकाचं चाक निखळलं. त्याच्या मामानं फाटकाची तार काढून ते बसवलं. मग दुसऱ्या मामाला वाटलं आपल्या भाचीचा बैल तिरका पळतो. थोड्या वेळानं अशी स्थिती आली की मोठे बाप्ये गुडघ्यांवर बैल ओढतायत आणि पोरं बाजूला उभी राहून ‘मामा, जल्दी!’ ओरडतायत. साहेब रुमाल हलवून शर्यत सोडत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी पोरींना पुस्तकं काढायला लावली. भाजीवालीची ती दुसरीतली मुलगी मामापुढे उभी राहून धडा वाचू लागली. मामा शाळेत न गेलेला असावा. तो पुस्तकाकडे नाही, तिच्या ओठांकडे बघत होता. धडा संपला तसा म्हणाला, ‘फेर पढ़ तो।’ तिनं पुन्हा वाचला. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावला. मी पुष्कळ सत्कार पाहिलेत, दोन-तीन माझेही झालेत, पण कोणाच्या चेहऱ्यावर इतका मान पाहिला नाही.

साहेबांनी भाजीवालीला विचारलं, ‘आपको तो मायके पहुँचना है। फिर रुकीं क्यों?’

ती खुर्चीत बसली होती, पिशवी पायाशी. उठली नाही. म्हणाली, ‘तीजा त हर साल आही साहेब। इस्कूल गइस त नइ लहुटय।’ सण दरवर्षी येईल. शाळा गेली तर परत यायची नाही. मग मोठ्या रस्त्याच्या दिशेनं हात करून म्हणाली की तो रस्ता मी मोठी बाई असून भीत भीत ओलांडते, माझी पोरगी कशी ओलांडेल ते तुम्हीच सांगा. मागून आणखी दोघी-तिघी बोलू लागल्या. मामाही बोलले, गावाकडे शाळा लांब म्हणून ज्यांच्या बहिणींची शाळा सुटली होती, ते त्या बहिणींसमोरच बोलले. साहेबांनी काही टिपून घेतलं नाही. नुसतं ऐकलं.

‘यहाँ हमेशा मामा लोग आते हैं?’ जाताना त्यांनी बाईंना विचारलं. ‘नहीं सर,’ बाई म्हणाल्या, ‘इस बार बुलाए हैं।’ माझं नाव नाही, माझ्या दुरुस्तीचा उल्लेख नाही. साहेब म्हणाले, ‘मैडम, इन बच्चियों को मैं वो सड़क पार नहीं करवाऊँगा। अपनी तरफ़ से यही लिखूँगा।’ आणि एक ठेठरी तोंडात टाकून गेले. त्यांनी तसंच लिहिलं असावं, कारण ती शाळा आजही गल्लीमागेच भरते.

अंगण भराभरा रिकामं झालं. मोटरसायकली निघाल्या, मालाची गाडी निघाली, बैल पिशव्यांतून तोंड काढून चालले. शेवटी बाई. त्यांचा भाऊ मघापासून गाडी चालू करून थांबला होता. बाईंनी शाळेला कुलूप लावलं, पदर खोचला, मांडीवर पिशवी घेऊन मागे बसल्या. मला भरून आलं होतं. आणि भरून आलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी फाटकात मधोमध उभा राहिलो आणि म्हटलं, ‘बाई, एक बात सोचो. मैं वो गलती नहीं करता, तो मामा लोग आते ही नहीं. मामा नहीं आते तो साहब पे ऐसा असर नहीं होता. मतलब एक तरह से देखा जाए तो स्कूल...’

बाईंनी भावाच्या खांद्यावरून मान बाहेर काढली.

‘कका, पहले गेट से हटिए। फिर ग्रुप से।’